परुळेकरांची रंगीत तालीम

"परुळेकर काका, तुम्ही मेलेले आहात! मेलेला माणूस सूचना देत नसतो!"

हे मी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात, तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर, तिरडीचं एक टोक हातात धरून ओरडलो. रविवारची सकाळ होती. माझा आवाज मुळातच असा आहे की मी मुलुंडला शिंकलो तर ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो पत्ता बदलतात. त्या दिवशी तर ते थेट कच्छला परत गेले असावेत. तिरडीवर पांढऱ्या चादरीत नीट गुंडाळलेले परुळेकर काका होते. डोळे मिटलेले, नाकात कापूस, आणि तोंड चालू.

"पायाकडची बाजू आधी वळव, विनय. डोकं आधी वळवलंस की बांबू कठड्याला अडकतो. काय ठरलं होतं आपलं?"

"काका, तुम्ही अगोदर वजन कमी करा ने, मग मरा," मागच्या बाजूने जिग्नेशभाई शहा धापा टाकत म्हणाले. जिग्नेशभाई पहिल्या मजल्यावरचे. त्यांचा गाद्यांचा धंदा आहे, त्यामुळे आडव्या माणसांबद्दल त्यांना मूळचीच माया.

एवढ्यात वरून, आमच्या घराच्या उघड्या दारातून, माझ्या वडिलांचा आवाज आला. अप्पा वर्षभर अंथरुणाला खिळलेले होते, पण घसा शाबूत होता. "परुळेकरला नीट धरा रे," अप्पा म्हणाले. "पुढचा नंबर माझा आहे."

तिरडी हलायला लागली. बघतो तर प्रेत हसत होतं.

आता हा प्रकार काय होता हे सांगायचं तर परुळेकर काका काय आहेत ते आधी सांगायला हवं. दिगंबर परुळेकर, चौथा मजला, सहकार-किरण सोसायटी, मुलुंड पूर्व. मूळ गाव वेंगुर्ल्याकडचं. आयुष्यभर विक्रोळीच्या एका कारखान्यात नोकरी. तिथे लोखंडी कपाटं बनायची. काका कपाटं बनवत नसत. कपाटं बनवणाऱ्यांकडे बघत असत, आणि कंपनी त्यांना या बघण्याचाच पगार देत असे. काम कुठून येतं, कुणाच्या टेबलावर झोपतं, कुठे दोनदा होतं आणि शेवटी वाया काय जातं, हे बघायचं. मग भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून त्याचा नकाशा काढायचा. याला ते 'प्रोसेस' म्हणतात. काका लागले तेव्हा म्हणे एक कपाट रंगाच्या भट्टीपासून पॅकिंगपर्यंत जाताना कारखान्यात इतकं फिरायचं, की तेवढ्यात ते चालत कन्याकुमारीला पोचून परत आलं असतं. काकांनी त्याचं फिरणं बंद केलं. रंग वाचला, वीज वाचली, ओरखडे कमी झाले. कपाटाला पाय असते तर ते काकांच्या पाया पडलं असतं.

काका रिटायर झाले आणि चिठ्ठ्या घरी आल्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात चहाचा नकाशा आहे. पाणी, साखर, पत्ती, दूध, गाळणं, सगळ्याला बाण. दूध उतू जाण्याची शक्यता जिथे आहे तिथे लाल चिठ्ठी. टीव्ही बघणाऱ्या माणसाचे मोकळे हात त्यांना बघवत नाहीत. मॅच बघायला गेलं की पुढ्यात मटारांची परात येते. भारतानं सामना जिंकला की हरला हे मला आठवत नाही, पण किती किलो मटार सोलले ते माझ्या नखांना विचारा. शोभाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा हसत सांगत होत्या की मी यांना विचारलं, तुमच्या एवढ्या नकाशांत मी कुठे आहे? तर हे म्हणाले, "जिथे काम अडत नाही तिथे चिठ्ठी लागत नाही." काकू हे सांगताना लाजल्या होत्या. आता यात लाजण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही, पण माझं लग्न वेगळ्या पद्धतीचं आहे.

काकांचं पेटंट वाक्य एकच. "माणसावर ओरडू नकोस. पद्धत कुठे अडली ते बघ." हे त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं ते गच्चीवरच्या टाकीवरून. आमची टाकी रोज सकाळी वाहायची. धबधबा असा की शेजारच्या सोसायटीतली पोरं साबण आणि टॉवेल घेऊन यायची. मी सेक्रेटरी. मी रोज वॉचमन यादववर ओरडायचो आणि यादव रोज म्हणायचा, साहेब, कलसे ध्यान रखेगा. काकांनी गेटसमोर खुर्ची टाकली आणि आठवडाभर नुसतं यादवकडे बघितलं. यादव घाबरून गावी जायला निघाला होता. शेवटी काकांना सापडलं ते असं: पंपाचं बटण मागच्या मीटरच्या खोलीत, आणि टाकी भरायची वेळ आणि शाळेच्या बस यायची वेळ एकच. यादवनं गेट धरायचं की बटण? त्यांनी बटण गेटपाशी आणवलं. बस, एवढंच. त्या दिवसापासून टाकी वाहिली नाही. पाणी वाचलं, वीज वाचली, माझा घसा वाचला. पोरं घरी अंघोळ करायला लागली.

तर अशा या घरात, तीन वर्षांपूर्वी, शोभाकाकू गेल्या. अगदी अचानक, सकाळच्या चहाच्या वेळेस.

स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण त्या दिवशीची सगळी व्यवस्था मी पाहिली. या बाबतीत माझं पूर्व मुलुंडात नाव आहे. कुणी गेलं की पहिला फोन मला येतो, दुसरा डॉक्टरला. लोक म्हणतात, विनय आला की मयतालासुद्धा धीर येतो. मी आलो तेव्हा घरात नुसता गोंधळ. मी दाराशी उभा राहिलो आणि एकेकाला पिटाळलं. तू सामान आण, तू शववाहिनीला फोन लाव, तू नातेवाईकांना कळव, तू लिफ्ट अडवून धर. एकाच्याही हाताला विश्रांती दिली नाही. परुळेकर काका भिंतीला टेकून नुसते उभे होते, तर त्यांच्याही हातात कागद देऊन एका किरकोळ कामाला पाठवलं. अशा वेळी माणूस गुंतलेला बरा, हा माझा अनुभव. थोडंफार इकडेतिकडे झालं. मडकी तीन आली, शववाहिन्या दोन आल्या, आणि दोन्ही ड्रायव्हर गेटवर भांडले. पण जेवणवेळेच्या आत सगळं उरकलं. लोकांनी माझी पाठ थोपटली.

त्यानंतर दोनेक वर्षं काका दिसायचे ते दुधाची पिशवी घेऊन येताना. मॅच लागली तरी मटार निघत नव्हते. आणि मग गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत, रंगकाम आणि पार्किंग यांवर यथासांग भांडण झाल्यावर, काका उठून उभे राहिले. हातात रंगीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा. म्हणाले, मला एक पद्धत मांडायची आहे. सभासदाचा मृत्यू झाल्यावर सोसायटीने काय करायचं याची.

आमच्या सभेत शांतता पसरते ती फक्त बिल वाढवायचा ठराव आला की. त्या दिवशी ती फुकट पसरली. शहाभाभी, म्हणजे जिग्नेशभाईंच्या पत्नी, कानांवर हात ठेवून म्हणाल्या, असं अशुभ कशाला बोलता काका. काका म्हणाले की सोसायटी अग्निशामक यंत्र ठेवते ते आग लागावी म्हणून नव्हे. आणि ते भिंतीकडे वळून चिठ्ठ्या चिकटवायला लागले.

मी कबूल करतो, ती भिंत बघण्यासारखी होती. दाखल्यासाठी डॉक्टर कुणी आणायचे, सामानाला कुणी जायचं, शववाहिनीला एकाच माणसानं फोन करायचा म्हणजे दोन येणार नाहीत. चहा स्टीलच्या ग्लासातून. प्लॅस्टिकचे कप नकोत, कारण मयताला आलेला माणूस रिकामा कप घेऊन कचऱ्याचा डबा शोधत फिरतो आणि तोंडावरचं दुःख सांडतं. हार आले की यादवनं गेटवरच त्यांचं प्लॅस्टिक काढायचं, फुलं दुसऱ्या दिवशी बागेतल्या खताच्या खड्ड्यात. तिरडीला गणपतीच्या मंडपाचे उरलेले बांबू. लाकूड की गॅसची दाहिनी, हे ज्याचं त्याला जिवंतपणीच विचारून ठेवायचं. आणि प्रत्येक घरानं प्रत्येकाच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स काकांकडे आजच आणून द्यायच्या.

इथे सभा पेटली. जिग्नेशभाई म्हणाले, "काका, मी अजून जिवंत आहे ने."

"म्हणूनच मागतोय," काका म्हणाले. "नंतर तुम्ही देणार नाही."

एक चिठ्ठी होती, त्यावर लिहिलं होतं 'आंघोळीचं पाणी: कोमट'. कुणीतरी मागून म्हणालं, आता त्याला काय गार आणि काय गरम? काका वळलेसुद्धा नाहीत. "पद्धतीत कोमट आहे," म्हणाले आणि पुढे गेले.

आणि सगळ्यात शेवटी, मधोमध, त्यांनी एक कोरी पांढरी चिठ्ठी लावली आणि पेनानं त्यावर लिहिलं: 'उशाशी बसणारा. घरचा माणूस. काम: काही नाही.'

मी हसलोच. ज्या माणसाला क्रिकेट बघणाऱ्याचे हात रिकामे सोसत नाहीत, तो एक अख्खा माणूस नुसता बसवून ठेवतोय? मी सेक्रेटरीच्या अधिकारानं दुरुस्ती सुचवली. घरच्या माणसालाही काहीतरी हलकं काम द्या, निदान फोन तरी घेईल.

काकांना चिडलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. ते चिडले की मालवणीत जातात हेही मला माहीत नव्हतं.

"गप रव. त्येका कायेक देवचा नाय," ते म्हणाले. मग सावरून, नेहमीच्या सुरात: "त्याला काही विचारायचंही नाही. साडी कुठली, चावी कुठे, तुळस आहे का, काही नाही. त्याला प्रश्न गेला म्हणजे पद्धत फसली."

ठराव मंजूर झाला. आमच्याकडे ठराव मंजूर होतो तो लोक कंटाळतात म्हणून. हा मंजूर झाला, कारण सगळ्यांच्या नजरा एकदम माझ्याकडे वळल्या आणि तितक्याच एकदम दुसरीकडे गेल्या. ही पद्धत पहिल्यांदा कुठल्या मजल्यावर वापरली जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी अप्पांपुढे हात टेकले होते. अप्पांनी मात्र अजून टेकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी काका आमच्याकडे आले. सोबत एक बुटकं लाकडी स्टूल होतं, ते अप्पांच्या पलंगापाशी ठेवून त्यावर बसून बघितलं, उंची जमते का ते. मग अप्पांना सरळ विचारायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते दोघे असे बोलत होते, जणू गावी जायची एसटी ठरवतायत.

"अप्पा, धोतर की लेंगा?"

"धोतर. लेंग्याची नाडी मला जन्मात वेळेवर सापडली नाही."

"लाकूड की गॅस?"

"गॅस. गिरणीत साचेखात्यात, मागावर, जन्म गेला रे, उकाड्याची सवय आहे. माझ्यासाठी झाड तोडू नका."

"भजन?"

"चालेल. पण विन्याला सूर लावू देऊ नका. लोक उठून जातील, आणि मी उठू शकणार नाही."

मी आत चहा गाळायला गेलो. तिथून ऐकलं. अप्पांनी आवाज खाली आणला होता, पण गिरणीतल्या माणसाचा खालचा आवाज म्हणजे आपला सभेतला.

"आणि हा कुठे असणार?"

"उशाशी," काका म्हणाले.

"छे. हा बसायचा नाही. लग्नात वाढपी, मयतात पुढारी. ह्याची आई गेली तेव्हा हा खाली मंडपवाल्याशी भांडत होता." मग: "परुळेकर, ह्याला बसव."

"बसवतो," काका म्हणाले.

मी चहा घेऊन बाहेर आलो आणि बराच वेळ, विनाकारण मोठ्यानं, गॅस सिलिंडरवाल्याच्या बेशिस्तीबद्दल बोलत राहिलो. दोघांनी चहा प्यायला. दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

आता रंगीत तालीम. काकांचं म्हणणं असं की भिंतीवरची पद्धत ही भिंतीचीच असते. जिन्यात उतरवल्याशिवाय तिचं खरंखोटं कळत नाही. आमची लिफ्ट चार माणसांची, तीही त्यातले दोन उपाशी असतील तर. म्हणजे जिना. जिन्यात चपलांचे स्टँड, कुंड्या, सायकली, जिग्नेशभाईंच्या गाद्यांचे नमुने. हे सगळं हटवायला नोटीस लावून लावून माझी शाई संपली होती. काकांनी फक्त तालमीची तारीख लावली. रविवारी सकाळी जिना असा मोकळा, की मी तो प्रथमच पूर्ण पाहिला. प्रश्न राहिला प्रेताचा. अख्ख्या सोसायटीतून या भूमिकेसाठी एकानंही नाव दिलं नाही. एरवी गणेशोत्सवातल्या नाटकात झाडाची भूमिका मिळावी म्हणून इथे भांडणं होतात. शेवटी काका स्वतः झोपले.

तालीम झाली ती तुम्ही वर वाचलीच. वळणावर आम्ही तीनदा अडकलो, चौथ्यांदा पाय आधी वळवले आणि सुटलो. गेटपर्यंत काका सूचना देत होते. पण खरी वाट लागली ती नंतर. कुणीतरी तिरडीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. तो ग्रुपवरून ग्रुपवर असा धावला की संध्याकाळपर्यंत काका बोरीवली, कांदिवली आणि डोंबिवली इथे एकाच वेळी वारले होते. दूधवाल्यानं दूध बंद केलं. विक्रोळीचे जुने सहकारी हार घेऊन आले, ते यादवनं पद्धतीप्रमाणे गेटवर अडवले आणि हारांचं प्लॅस्टिक काढून मगच वर सोडले. वर काकांनी दार उघडलं. एक गृहस्थ मटकन खालीच बसले. वेंगुर्ल्याहून काकांच्या मेव्हणीनं रडत फोन केला, तो काकांनीच उचलला, आणि तिचं रडणं थांबेना म्हणून शेवटी म्हणाले की मी निरोप देतो. ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली होती. तिच्याखाली काकांनी लिहिलं: 'आभारी आहे. काही त्रुटी आढळल्यास कळवावे.'

अप्पा हे ऐकून इतके हसले की मला वाटलं, पद्धत आत्ताच वापरावी लागते. पण अप्पा राहिले. पावसाळा काढला, गणपती बघितले, दिवाळीत पलंगावर बसून करंजी खाल्ली. स्टूल पलंगापाशीच होतं. त्यावर औषधं ठेवायला सोयीचं पडायचं.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. घरोघरी घट मांडलेले, बायकांचे उपास. दुपारी अप्पांनी पाणी मागितलं. मी चमच्यानं पाजत होतो. दोन चमचे घेतले आणि तिसरा ओठांवरून खाली आला.

माधवी, माझी बायको, दाराशी होती. ती सरळ वर चौथ्या मजल्यावर गेली. मी उठलो. मोबाईल हातात, चपला पायात, यादी डोक्यात. डॉक्टर, सामान, गाडी, फोन. दारापर्यंत पोचलो तर काका समोर उभे होते. माझ्याकडे न बघता ते आत आले. स्टुलावरची औषधं काढून खिडकीत ठेवली. स्टूल उशाशी सरकवलं.

"काका, मी पटकन डॉक्टरांना..."

त्यांनी माझ्या हातातून मोबाईल काढून स्वतःच्या खिशात टाकला.

"बस हंय," म्हणाले.

"अहो पण सामानाला कुणी..."

"विनय, तुझं काम काय ठरलंय?"

"काही नाही."

"मग ते कर."

मी बसलो. मी बसलेला माणूस नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी उभ्यानं जेवतो. सुरुवातीला माझे पाय आपोआप हलत होते. बाहेर सगळं चाललेलं ऐकू येत होतं. लिफ्टचं दार, स्टीलच्या ग्लासांचा आवाज, गेटवर हारांवरून प्लॅस्टिक ओढल्याचा चरचर आवाज, जिन्यातून कुणाचीतरी सायकल उचलून नेल्याचा. कुणी ओरडत नव्हतं. ओरडणारा आत बसला होता.

एकदा जिग्नेशभाई दारात आले. त्यांचं तोंड उघडलं होतं, प्रश्न जिभेवर आलेला मला दिसला. काकांनी नुसतं बघितलं. जिग्नेशभाईंनी तोंड मिटलं आणि गेले. मग कळलं, त्यांना विचारायचं होतं की तुळस कुठे आहे. ते खाली गेले आणि स्वतःच्या ग्रिलमधली कुंडी, मातीसकट, दोन्ही हातांत उचलून वर घेऊन आले.

पाय कधी थांबले कळलं नाही. मी अप्पांचा हात हातात घेतला होता. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख उभं दुभंगलेलं आहे, तरुणपणी गिरणीत साच्यात सापडलं होतं. लहानपणी मी त्या फटीवरून बोट फिरवत झोपायचो. तसं नाही केलं तर झोप येत नसे. मधल्या एवढ्या वर्षांत त्या हाताला मी औषध दिलं, तो पुसला, सलाइनसाठी धरला, पण ते नख बघितलं नव्हतं. ते अजून तसंच होतं. मी बोट फिरवत बसलो. किती वेळ ते मला माहीत नाही. मला कुणी काही विचारलं नाही.

आंघोळीचं पाणी आलं. मी हात घालून बघितलं. अप्पा मला मोरीत बसवायच्या आधी असंच बघायचे. कोमट होतं.

नेताना वळण आलं. तिसऱ्या आणि दुसऱ्याच्या मधलं. मी पुढच्या बाजूला होतो, जिग्नेशभाई मागे. आणि आम्ही चौघंही थांबलो. कुणीच थांबा म्हटलं नव्हतं. पण तालमीत इथे सूचना आली होती, तेव्हा आत्ताही येईल असं काहीतरी सगळ्यांना वाटलं असणार. काका मागच्या पायरीवर होते. तेही बोलले नाहीत. मग पायाकडची बाजू आधी वळली, आणि बांबू कुठेही लागला नाही.

तेरावं झाल्यावर मी स्टूल परत द्यायला वर गेलो. काका ओट्यापाशी होते. चहा ठेवलेला. भिंतीवरचा चहाचा नकाशा तसाच, लाल चिठ्ठीचा रंग जरा उन्हानं उडालेला. हॉलच्या भिंतीवर मोठा नकाशा लावला होता आणि त्यात काही चिठ्ठ्या नव्या होत्या. तुळशीच्या जागी एक पिवळी. मला बघून म्हणाले की तुळस सुटली होती, आता प्रत्येक मजल्यावर एक कुंडी ठेवतोय. आणखी कुठे अडलं?

कुठेच नाही, मी म्हटलं.

"तुला कुणी काही विचारलं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि दुधाकडे लक्ष दिलं. मी स्टूल खाली ठेवलं. खरं तर मी भाषण तयार करून आलो होतो. जिन्यात दोनदा म्हणूनही बघितलं होतं. ते निघेना. म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की काका, बाकीचं सगळं ठीक, पण हे उशाशी नुसतं बसायचं तुम्हाला सुचलं कुठून? विक्रोळीला कपाटांच्या कारखान्यात तर असलं काही नसणार.

दूध वर आलं होतं. त्यांनी गॅस बारीक केला.

"शोभाला आंघोळ घातली तेव्हा मी स्टेशनजवळ झेरॉक्सच्या रांगेत होतो," काका म्हणाले.